सरासरीत न सापडणारा क्षण

शाळेतल्या मुलांशी संगणकाबद्दल बोलू लागलो की एक तक्रार हमखास कानावर येते : "गेम मधेच अडकतो." तिच्या मागोमाग येणारे वाक्यही ठरलेले असते : "पण नेहमी नाही." वीस मिनिटे सारे सुरळीत चालते, मग चित्र एकदम थबकते, दोन-तीन धक्के खात पुढे सरकते आणि काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते. दुरुस्तीवाल्याकडे नेले की तिथे यंत्र अगदी शहाण्यासारखे वागते. मग सल्ले मिळू लागतात. रॅम वाढवा, विंडोज नव्याने टाका, ग्राफिक्स कार्ड बदला. घरचे काही हजार रुपये खर्च होतात. दोष कधी जातो, कधी तसाच राहतो. आणि गेला तरी नेमका कशामुळे गेला हे कोणालाच सांगता येत नाही.

विषय खेळाचा आहे म्हणून तो बाजूला सारू नये. अधूनमधून दिसणारा दोष शोधणे हे विज्ञानातले अवघड काम आहे. कायमचा बिघाड समोर बसून तपासता येतो. येऊन जाणारा बिघाड आपण पाहायला जावे तेव्हा हजर नसतो. हिवतापाचेच उदाहरण घ्या. एक दिवसाआड किंवा दोन दिवस सोडून येणारा ताप हजारो वर्षे माणसाला कोड्यात टाकत होता. तापाची पाळी आणि रक्तातल्या परजीवींच्या वाढीचे चक्र यांची सांगड इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी १८८० च्या दशकात घातली, तेव्हा त्या 'अधूनमधून'मागचे वेळापत्रक उघड झाले. अडकणाऱ्या खेळांची कथाही साधारण अशीच आहे. या दोषाचे वेळापत्रक सापडायला इतकी वर्षे का लागली, हे या लेखात पाहू.

एका चौकटीचा हिशेब

पडद्यावर हलणारे चित्र म्हणजे स्थिर चित्रांची मालिका. त्यातल्या प्रत्येक चित्राला फ्रेम किंवा चौकट म्हणतात. १९१३ साली प्रदर्शित झालेला 'राजा हरिश्चंद्र' दादासाहेब फाळक्यांनी चित्रित केला तो हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर. हात जरा मंदावला की चौकटींमधले अंतर बदलत असे. पुढे बोलपट आले. गती बदलली तर आवाजही चढतो किंवा बसतो, म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला २४ चौकटी हा पक्का ठेका ठरला.

चित्रपट आणि संगणकावरचा खेळ यांत मात्र एक मोठा फरक आहे. चित्रपटाच्या चौकटी आधीच तयार असतात, त्या फक्त दाखवायच्या असतात. खेळातली प्रत्येक चौकट त्या क्षणी घडवावी लागते, कारण खेळणारा पुढच्या क्षणी डावीकडे वळणार की उजवीकडे, हे आधी कोणालाच माहीत नसते. सेकंदाला ६० चौकटी हव्या असतील तर एका चौकटीच्या वाट्याला १००० भागिले ६०, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात कळ कोणती दाबली ते पाहायचे, गोष्टी कुठे सरकल्या याचे गणित करायचे, चित्र रंगवायचे आणि पडद्याकडे पाठवायचे.

उशीर झाला तर काय होते? साधा पडदा सेकंदाला ६० वेळा ठरल्या वेळी नवे चित्र उचलतो, मग ते तयार असो वा नसो. चित्र फाटल्यासारखे दिसू नये म्हणून बहुधा अशी व्यवस्था करतात की अर्धवट चौकट पडद्यावर जाऊ द्यायची नाही. त्यामुळे १७ मिलिसेकंदांत तयार झालेल्या चौकटीची गाडी चुकते. एसटी एका मिनिटाने हुकली तरी पुढची येईपर्यंत फलाटावर थांबावे लागते, तसेच हे. जुनी चौकट पडद्यावर ३३.३ मिलिसेकंद राहते. म्हणजे कामाला एक तृतीयांश मिलिसेकंद जास्त लागला आणि दिसणारा उशीर दुप्पट झाला. लहानसे कारण मोठ्या धक्क्यासारखे का जाणवते, याचे एक उत्तर इथे आहे.

परग्रहवाशांची फौज

यंत्राच्या मर्यादेचा खेळाच्या गतीवर होणारा परिणाम सर्वात आधी गाजला तो 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळामुळे. जपानच्या टाइटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी तो १९७८ साली तयार केला. त्यात सुमारे २ मेगाहर्ट्झवर चालणारा इंटेल ८०८० हा प्रोसेसर होता. पडद्यावर ११ परग्रहवाशांच्या ५ रांगा, म्हणजे एकूण ५५ जण. सगळ्यांना एकाच वेळी हलवणे त्या प्रोसेसरला झेपणारे नव्हते, म्हणून दर फेरीत एकेकालाच हलवले जाई. सेकंदाला ६० फेऱ्या धरल्या तर पूर्ण फौज एक पाऊल सरकायला जवळजवळ एक सेकंद लागे. खेळणारा जसजसा एकेकाला टिपत जाई तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येऊ लागे, आणि शेवटचा एकटा उरला की तो सुसाट धावत सुटे. निशिकादोंनी हा परिणाम काढून न टाकता तसाच ठेवला. खेळाची रंगत त्यामुळे वाढली.

इथे दोष लपलेला नव्हता. काम जास्त तर गती कमी, काम कमी तर गती जास्त, असे सरळ नाते होते आणि ते डोळ्यांना दिसत होते. पुढे संगणकाची रचना गुंतागुंतीची झाली. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, विंडोजसारखी कार्यप्रणाली आणि तिच्या पोटात चालणारे अनेक प्रोग्रॅम, असे सगळे एकाच घरात नांदू लागले. त्यांतला कोण कधी मधे येईल, हे मग डोळ्यांनी दिसेनासे झाले.

एका आकड्याची सत्ता

१९९६ साली इड सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीचा 'क्वेक' हा खेळ आला. त्यात एक उपयुक्त आज्ञा होती. आधी नोंदवून ठेवलेला खेळ यंत्राने शक्य तितक्या वेगाने पुन्हा चालवायचा आणि शेवटी सांगायचे की एकूण चौकटी इतक्या, वेळ इतका, म्हणून सेकंदाला सरासरी चौकटी इतक्या. सर्वांना तीच कसोटी, त्यामुळे यंत्रांची तुलना सोपी झाली. शास्त्रीय दृष्टीने हे पुढचे पाऊलच होते. पण हळूहळू तो एकच आकडा ग्राफिक्स कार्डांच्या जाहिरातीत, परीक्षणात आणि मुलांच्या गप्पांत राज्य करू लागला.

सरासरीत काय हरवते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, 'अ' यंत्राने एका सेकंदात ५० चौकटी काढल्या आणि प्रत्येकीला २० मिलिसेकंद लागले. 'ब' यंत्राने ४९ चौकटी प्रत्येकी १६ मिलिसेकंदांत काढल्या, म्हणजे ७८४ मिलिसेकंद झाले. उरलेल्या एकाच चौकटीला २१६ मिलिसेकंद लागले. बेरीज दोन्हीकडे १०००. दोघांचीही सरासरी सेकंदाला ५० चौकटी. पण 'अ'वर खेळणाऱ्याला काहीच खटकणार नाही, तर 'ब'वर चित्र सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही जास्त वेळ गोठेल. मध्यक काढला तर गंमत आणखी वाढते. 'अ'चा मध्यक २० आणि 'ब'चा १६, म्हणजे अडखळणारे यंत्रच सरस ठरते!

मुलांची तक्रार खरी होती. मोजमाप तिच्याकडे पाहतच नव्हते.

उष्णतेची साक्ष

या मोजमापात सुधारणा होण्याआधी एका कारणाचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. सप्टेंबर २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाच्या मंडळींनी 'क्वेक ३' चालू असतानाच प्रोसेसरवरचा हीटसिंक आणि पंखा उचलून बाजूला काढला आणि त्याचे चित्रण केले. एएमडीचे त्या वेळचे अॅथलॉन प्रोसेसर क्षणार्धात जळून गेले. पेंटियम ३ गोठला, पण वाचला. पेंटियम ४ मात्र बंद पडला नाही. त्याची गती घसरली, चित्र धक्के खात चालू राहिले आणि हीटसिंक परत ठेवल्यावर ते पूर्ववत झाले. तापमान मर्यादेबाहेर जाताच घड्याळाचे ठोके काही काळ रोखून धरणारी योजना त्या चिपमध्येच होती.

म्हणजे चौकटी कमी होणे हा इथे दोष नव्हता, तो बचाव होता. आजच्या जवळपास सर्व प्रोसेसरांत आणि ग्राफिक्स चिपांत हा बचाव असतो. आपल्याकडे त्याचे महत्त्व अधिक आहे. हीटसिंकमधून बाहेर पडणारी उष्णता ही चिप आणि खोली यांच्या तापमानांतील फरकाच्या साधारण प्रमाणात असते. तेवढेच काम करताना चिप खोलीपेक्षा ५० अंशांनी तापत असेल, तर जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ती ७५ अंशांवर राहील आणि मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या ४२ अंशांच्या खोलीत ९२ वर जाईल. पंख्यात धूळ साचली किंवा लॅपटॉप गादीवर ठेवला तर तो फरकच वाढतो. तेच यंत्र, तोच खेळ, पण हिवाळ्यात निर्दोष आणि उन्हाळ्याच्या दुपारी अडकणारे! खेळ सुरू केल्यावर दहा-वीस मिनिटांनी अडचण येते, थोडी विश्रांती दिली की ती जाते, अशी चाल दिसली तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा.

सेकंदाच्या आत

सप्टेंबर २०११ मध्ये 'टेक रिपोर्ट'चे संपादक स्कॉट वॉसन यांनी एक लेख लिहिला. सेकंद हे माप इथे फार मोठे आहे, सेकंदाच्या आत काय घडते ते पाहू, असा त्याचा आशय होता. प्रत्येक चौकटीला लागलेला वेळ नोंदवणारी साधने तेव्हाही होती. वॉसन यांनी त्या नोंदी एकेक करून आलेखावर मांडल्या. सरळ पट्ट्यातून मधूनच उंच सुळके वर आलेले दिसू लागले. प्रत्येक सुळका म्हणजे खेळणाऱ्याला बसलेला एक धक्का. सरासरीऐवजी त्यांनी दोन आकडे पुढे केले. १०० पैकी ९९ चौकटी किती वेळाच्या आत पूर्ण झाल्या, हा पहिला. आणि ५० मिलिसेकंदांच्या पलीकडे एकूण किती वेळ गेला, हा दुसरा. आपल्या उदाहरणातली 'अ' आणि 'ब' ही यंत्रे या कसोटीवर लगेच वेगळी पडतात.

पुढचे पाऊल २०१३ मध्ये पडले. दोन ग्राफिक्स कार्डे जोडून त्यांच्याकडून आळीपाळीने चौकटी काढून घेण्याची त्या वेळी चलती होती. आकडा जवळजवळ दुप्पट दिसे, पण खेळणारे म्हणत की चित्र काही तेवढे सुधारले नाही. मार्च २०१३ मध्ये एनव्हिडिया कंपनीने एफकॅट हे साधन परीक्षकांना दिले. त्याची युक्ती साधी आहे. प्रत्येक चौकटीच्या कडेला ठरलेल्या क्रमाने एकेका रंगाची पट्टी रंगवायची आणि पडद्याकडे जाणारे चित्र दुसऱ्या संगणकावर नोंदवून घ्यायचे. कोणता रंग किती ओळी टिकला हे मोजले की ती चौकट खरोखर किती वेळ दिसली ते कळते. एएमडीच्या जोडकार्डांवर अनेक चौकटी पडद्याच्या जेमतेम काही ओळींपुरत्याच दिसत असल्याचे त्यातून उघड झाले. मोजणीत त्या पूर्ण धरल्या जात होत्या, डोळ्यांच्या मात्र त्या काहीच उपयोगाच्या नव्हत्या. साधन प्रतिस्पर्ध्याचे होते, पण स्वतंत्र परीक्षकांनाही तेच आढळले. एएमडीने अडचण मान्य केली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये चौकटींमधली अंतरे सारखी करणारा ड्रायव्हर दिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केले. त्यात पडदाच चौकटीची वाट पाहतो. म्हणजे प्रवासी आल्यावर एसटी सुटते!

तिसराच कोणीतरी

सुळका दिसू लागला म्हणजे त्याचे कारण कळले असे नव्हे. याचे चांगले उदाहरण अगदी अलीकडचे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले. त्यासाठी टीपीएम, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा व्यवस्था, संगणकात चालू असणे आवश्यक ठरले. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांत हे काम वेगळ्या चिपऐवजी आतल्याच एका प्रोग्रॅमकडून करून घेण्याची सोय आहे. तिला एफटीपीएम म्हणतात. पुष्कळांनी ती चालू केली आणि तक्रारी वाढल्या. अधूनमधून सारा संगणकच अडखळतो, चित्राबरोबर आवाजही तुटतो.

ग्राफिक्स कार्ड बदलून काही होत नव्हते, आणि होणारही नव्हते. आवाज तुटणे हाच खरा धागा होता. ग्राफिक्स कार्ड मागे पडले तर चित्र थांबेल. पण चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबले, तर त्या दोहोंच्या मागे असलेले काहीतरी थांबले असले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये एएमडीने कारण सांगितले. एफटीपीएम मधूनच मदरबोर्डवरच्या एका लहान स्मृती-चिपशी लांबलचक देवघेव करत असे आणि ती संपेपर्यंत यंत्र खोळंबत असे. मे २०२२ पासून मदरबोर्डांसाठी सुधारित बायॉस मिळू लागले. तरीही २०२३ मध्ये लिनक्सवर तसेच धक्के आढळले. लिनक्स याच एफटीपीएमकडे यादृच्छिक संख्या मागत असे. त्या वर्षी लिनक्सच्या गाभ्यातून ही मागणीच बंद करण्यात आली. खेळाशी सुतराम संबंध नसलेला एक पहारेकरी खेळात व्यत्यय आणत होता!

चाल ओळखायची

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे वळू. "गेम अडकतो" म्हणणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न "संगणक कोणता?" असा न विचारता "कधी अडकतो?" असा विचारावा. नव्या जागी पहिल्यांदाच गेल्यावर अडकतो आणि दुसऱ्या खेपेला नाही, तर ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम त्या क्षणी भाषांतरित होत असण्याची शक्यता मोठी. २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आल्यापासून हा प्रकार बराच दिसतो. मोठा प्रदेश ओलांडताना डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत असेल, तर मेमरी कमी पडून डिस्ककडे धाव घेतली जात आहे. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर एक जागा शोधायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे चौकटीच्या हिश्श्यातला निम्म्याहून अधिक वेळ एकाच शोधात गेला. ठरावीक अंतराने अडकत असेल, तर घड्याळ लावून मागे चालणारा एखादा प्रोग्रॅम शोधावा. आवाजही तुटत असेल तर ग्राफिक्स कार्डाला लगेच दोषी ठरवू नये.

उत्तर मिळाले की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आधीची आणि नंतरची नोंद ठेवायची, आणि दोष गेला असे वाटले तर ती गोष्ट पूर्वीसारखी करून तो परत येतो का ते पाहायचे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. पण तिच्याशिवाय योगायोग आणि कारण वेगळे करता येत नाहीत. चौकटींचे वेळ नोंदवणारे प्रेझेंटमॉनसारखे मोफत प्रोग्रॅम मिळतात, आणि साधी वही तर असतेच.

संगणक नसलेल्या वर्गातही हे करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याला एका लयीत तीस टाळ्या वाजवायला सांगा. त्याच्या कानात आधी सांगून ठेवा की मधे एकदा मुद्दाम थांबायचे आणि उरलेल्या टाळ्या किंचित जलद वाजवून एकूण वेळ भरून काढायचा. एका गटाने फक्त एकूण वेळ मोजावा. दुसऱ्या गटाने मोबाइलवरच्या स्टॉपवॉचने प्रत्येक टाळीचे अंतर नोंदवून आलेख काढावा. नंतर दोन्ही गटांना विचारा, "टाळ्या कशा वाजल्या?" पहिला गट सरासरी सांगेल. दुसरा गट सुळक्यावर बोट ठेवेल.

शिक्षकांच्या हाती अशी एक सरासरी दरवर्षी असते. वार्षिक निकालात ६२ टक्के मिळवणारी दोन मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. एकाला सगळे विषय बेताचे येतात. दुसऱ्याला सगळे छान येते, पण अपूर्णांकांपाशी तो अडला आणि पुढची दोन प्रकरणे तिथेच घुटमळत राहिला. गुणपत्रक दोघांना सारखेच दिसते. घटक चाचण्यांची वही काढून, तो नेमका कधी अडला, हे पाहिले की दोघांना लागणारी मदत वेगवेगळी आहे हे लगेच कळते.